विसार घेतलेली मशीन

मी एक जुनी शेवयाची मशीन आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा आधी जन्म सांगतात, मग कष्ट, मग कौतुक, मग उपेक्षा, आणि उपदेश अगदी शेवटी करतात. मी तो आधीच करणार आहे. माझ्या मालकिणीला, दानम्माला, उपदेश शेवटी मिळाला, आणि तोवर त्याचं काही काम उरलं नव्हतं.

तर उपदेश असा. आपल्याला पैसे मिळणार असतील तर आपल्याला पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. समोरचा कितीही गोड बोलू दे, कितीही घाईत असू दे, तुमच्या खरेपणाचं कितीही कौतुक करू दे. पैसे घेताना पिन लागत नाही. एवढं पाठ करा. पुढचं वाचलं नाही तरी तुमचं काही बिघडणार नाही. दानम्माचं कसं बिघडलं हे ज्यांना ऐकायचं असेल त्यांनीच थांबा.

*

शेवयाची मशीन विकणे आहे. ओतीव लोखंड, पितळी जाळी, मोटार बसवलेली. चालू स्थितीत. पत्ता नांदेड. संपर्क शिवकन्या.

*

ही माझी जाहिरात. दानम्माच्या लेकीनं, शिवकन्यानं, ती फोनवरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात टाकली. एवढ्यात माझं सगळं आयुष्य आलं असं तिला वाटलं असेल. बरंच राहून गेलं.

ओतीव लोखंड, हे खरं. उदगीरला गुंडप्पा मिस्त्रींच्या शेडमध्ये वाळूच्या साच्यात मला ओतलं. चाक जरा जास्तच जड झालं म्हणून मिस्त्री हळहळत होते. दानम्माच्या मालकांना, चन्नबसप्पांना, तेच चाक आवडलं. ते नांदेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका आडतीवर मुनीम होते. तुरीच्या पोत्यांवर आडवी टाकून त्यांनी मला ट्रकमधून घरी आणलं. दानम्मानं माझ्या कपाळावर, म्हणजे जिथं पीठ घालतात त्या तोंडाच्या वर, विभूतीची तीन बोटं ओढली. त्यानंतर दर वर्षी महाशिवरात्र झाली की ती मला पुसायची, विभूती लावायची आणि हंगाम सुरू करायची.

चालू स्थितीत, हेही खरं. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत आमचं अंगण बायकांनी भरलेलं असायचं. भिजवलेल्या रव्याचे गोळे घेऊन त्या यायच्या. चाक फिरायचं, जाळीतून शेवया उतरायच्या, आणि उलट्या टाकलेल्या बाजांच्या पायांना आडव्या काठ्या लावून त्यांवर त्या वाळायच्या. लेकरं खालून तोंडं वर करून कच्च्या शेवया ओढायची आणि मार खायची. शेवया झेलायचं काम नाजूक असतं. हात जड असेल तर तार तुटते. शिवकन्या उंबऱ्यावर चढून झेलायची तेव्हापासून तिच्या हातून तार तुटलेली मी पाहिली नाही. बायका म्हणायच्या, पोरीच्या हाताला वजनच न्हाई. कौतुक माझं नव्हतं, पण माझ्याजवळ उभं राहून केलेलं होतं. मी ते माझं धरलं.

चन्नबसप्पा गेले तेव्हा मला मोटार बसवली, कारण दानम्माच्या खांद्यात फिरवायचं बळ राहिलं नव्हतं. माझ्याशेजारी भिंतीवर खिळ्याला एक पुठ्ठा अडकवला. त्यावर काळ्यापांढऱ्या चौकोनांचा तो कोड होता. बायका फोन धरायच्या आणि दानम्माचा फोन बोलून सांगायचा की पैसे आले. दानम्माला त्या पुठ्ठ्याचं फार कौतुक. त्याच्यावरही ती विभूती लावायची. मित्रांनो, हा पुठ्ठा लक्षात ठेवा. त्याच्याकडं बघून ती एकच गोष्ट शिकली होती: फोन धरला की पैसे येतात. फोन धरणारी ती कधीच नव्हती.

*

शिवकन्याचं लग्न लातूरला झालं. जावयाचं, शिवप्रसादचं, तिथं भांड्यांचं दुकान आहे. दुसऱ्या वर्षी ती परत आली. तिथं काय झालं ते तिनं आईलाही नीट सांगितलं नाही. मला एवढंच ठाऊक आहे की हंगामात मोटार सुरू झाली की ती माझ्याजवळ उभी राहून रडायची. मोटार बंद झाली की थांबायची. माझ्या आवाजाचा एवढा उपयोग आणखी कुणी केला नाही.

मग आमच्या ओट्यावर नात्यातली चार मोठी माणसं बसली. त्यांनी चहा घेतला आणि ठरवलं की पोरगी स्वतःचं स्वतः कमावणार असेल तर राहू द्या, नाहीतर पाडव्याला तिला नांदायला पाठवा. शिवकन्या आत उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. पण तिनं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी विष्णुपुरीला गेली. तिथं इंजिनिअरिंग कॉलेजच्या वाटेवर एक बाई मेस चालवायची. ती आपल्या मुलाकडं निघाली होती आणि गाळा रिकामा होणार होता. शिवकन्याला गाळ्याचा ॲडव्हान्स आणि मोठी शेगडी, पातेली एवढं हवं होतं. दानम्माच्या खात्यात माझ्या कमाईतलं साठलेलं होतं, ते गाळ्याला पुरत होतं. शेगडी आणि पातेल्यांना कमी पडत होतं.

"मला विक," असं मी दानम्माला सांगायची गरज पडली नाही. तीच म्हणाली, "लोखंड काय करायचं घरात ठिवून. पोरगी ठिवू."

शिवकन्यानं मला रॉकेलनं पुसलं, अंगणातल्या हिरव्या भिंतीसमोर उभं केलं आणि फोटो काढायला लागली. माझं जड चाक आपोआप हलायचं आणि फोटो पुसट यायचा. म्हणून तिनं एका हातानं चाक धरलं आणि दुसऱ्या हातानं फोटो काढला. त्यामुळं फोटोत मी आहे, मागं हिरवी भिंत आहे, आणि चाकावर तिचा हात आहे. मनगटात काचेच्या बांगड्या. ती हसत होती, पण चेहरा चौकटीत आला नाही.

*

फोन दुपारी आला. माणसानं आपलं नाव वैजनाथ सांगितलं. गाव इथलंच, नांदेडजवळचं उमरी, नोकरी फौजेत, सध्या सीमेवर. आईला गावात बचत गटासाठी मशीन घ्यायची आहे, सुट्टी नाही, म्हणून फोनवर बोलतोय. त्यानं भाव केला नाही. मला तिथंच शंका यायला हवी होती. जुनी वस्तू घेणारा माणूस आमच्याकडं आधी नाक मुरडतो, पट्टा ओढून बघतो, जाळी वाजवतो, मग अर्धी किंमत सांगतो. या माणसाला माझा फक्त पत्ता हवा होता आणि दानम्माचा आवाज.

दानम्मा त्याला म्हणाली, "आमच्यात आधी विसार द्यावा लागतो, बाबा."

त्यानं विचारलं, विसार म्हणजे काय?

उमरीच्या माणसानं हे विचारलं. मित्रांनो, मी लोखंड आहे, तरी माझं चाक जागेवर थरथरलं. दानम्मा मात्र त्याला समजावून सांगू लागली. फौजेत राहून पोराला गावचं विसरायला झालं असं तिला वाटलं. तिनं सांगितलं की विसार म्हणजे व्यवहार पक्का झाल्याचे थोडे पैसे. तिच्या मालकांची मोंढ्यातली रीत सांगितली. विसार घेतला की चन्नबसप्पा मालाच्या ढिगावर आपलं उपरणं टाकायचे. मग दुसऱ्या गिऱ्हाइकानं दुप्पट भाव दिला तरी ते उपरणं उचलायचं नाही. विकणाऱ्यानं मागं फिरायचं नाही, शब्द गेला म्हणजे माणूस गेला. हे सगळं तिनं त्याला अभिमानानं सांगितलं. तो मध्येमध्ये "हो का मावशी," म्हणत होता. मन लावून ऐकत होता. पुढं कळलं, शिकत होता.

त्यानं एक्कावन्न रुपये पाठवले. फोन बोलला, पैसे आले. दानम्मानं पेटीतून चन्नबसप्पांचं उपरणं काढलं, झटकलं आणि माझ्या अंगावर टाकलं.

*

त्यापुढचं मी उपरण्याखालून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आपे रिक्षा थांबली. अर्धापूरच्या केवळाबाई आल्या होत्या. त्यांनीही तीच जाहिरात बघितली होती. केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बायकांचा त्यांचा गट होता, आणि उन्हाळ्यात बागेचं काम कमी झालं की शेवया करून विकायचा त्यांचा विचार होता. पैसे पदरात बांधून आणले होते. मशीन उचलायला रिक्षावालाही तयारीत होता.

दानम्मानं त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की मशीनचा विसार झालाय.

"बघू तर द्या," केवळाबाई म्हणाल्या. "लई लांबून आले. बघायला काय पैसे लागत्यात?"

"बघून मन झालं तर तुम्ही भाव वाढवून बोलताल. मग माझ्या मनाची परीक्षा."

केवळाबाई हसल्या. म्हणाल्या, "बाई, तुम्ही मशीन विकून राहिलात का लेक देऊन राहिलात?"

शिवकन्या आतून बाहेर आली. ती हळू आवाजात आईला म्हणाली, "अव्वा, ही बाई दारात उभी हाय. पैसे हातात हायत. तो माणूस कोण, कुठला, आपण बघितला पण न्हाई."

"तुझ्या बापानं बघून विसार घेतला का कधी? चिठ्ठीवर घेतला, निरोपावर घेतला. एकदा तरी उपरणं उचललं का?"

केवळाबाईंनी उपरण्यावरूनच माझ्या चाकावर हात ठेवला. कामाचा हात होता. कुठं धरायचं ते त्या हाताला ठाऊक होतं. मग त्या म्हणाल्या, "खरी माणसं हायत तुम्ही. आजकाल असं कोण राहतंय," आणि रिक्षात बसून गेल्या.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला मिळालेली ही शेवटची शाबासकी. तीही नको त्या कामाला.

*

दुपारी शिवकन्या विष्णुपुरीला गाळा झाडायला गेली. फोन घरी होता, कारण खातं दानम्माचं आणि पैसे त्यावर येणार होते. वैजनाथचा फोन आला. टेम्पो निघालाय, म्हणाला. सगळे पैसे आत्ताच पाठवतो. फौजेच्या खात्यातून मोठी रक्कम अशी थेट जात नाही, मी एक कोड पाठवलाय, तो उघडा, मी सांगतो ते दाबा.

कोड आला. तेच काळेपांढरे चौकोन. दानम्मानं भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडं बघितलं असणार, कारण ती स्वतःशीच म्हणाली, आपल्यासारखाच हाय.

मग त्यानं पिन टाकायला सांगितलं. तिथं ती अडली. वीजबिल भरायला शिवकन्यानं तिला पिन शिकवला होता आणि कुणाला सांगायचा नाही असंही शिकवलं होतं. दानम्मा म्हणाली, लेक येऊ दे, संध्याकाळी करू.

तो चिडला नाही. आवाज चढवला नाही. दुखावल्यासारखा बोलला.

"मावशी, मला सांगू नका. तुम्ही स्वतःच दाबा. मी विसार दिलाय ना? का आता शब्द फिरवता?"

तिनंच त्याला दिलेलं हत्यार होतं ते. कुठं मारायचं तेही तिनंच दाखवलं होतं.

तिनं पिन टाकला. फोन बोलला, पण यावेळी वेगळं बोलला. वैजनाथनं लगेच सांगितलं की मावशी, मशीनची चूक झाली, उलटं गेलं, दुसरा कोड पाठवतो म्हणजे दोन्ही परत येतील. तिनं पुन्हा टाकला. मग पुन्हा. खातं कोरडं पडलं तेव्हाच तो म्हणाला, "झालं मावशी. टेम्पो येईल." आणि फोन ठेवला.

सगळ्यात वाईट पुढं आहे. दानम्मा ओट्यावर जाऊन टेम्पोची वाट बघत बसली. निरोपाचा म्हणून तिनं नारळ काढून ठेवला होता. उपरण्याची कड उचलून माझ्या तोंडाला विभूती लावली. ऊन अंगणातून भिंतीवर गेलं, भिंतीवरून निघून गेलं. शिवकन्या आली आणि तिनं फोन हातात घेतला. ती ओरडली नाही. फोन घेऊन माझ्याशेजारी खाली बसली. नंतर ठाण्यात त्यांना सांगण्यात आलं की फसवणूक झाल्याबरोबर १९३० या नंबरला फोन केला असता तर काही वाचलं असतं, आता बघू. आणि पैसे घेताना पिन लागत नाही. उपदेश तो हा. त्यांनी तो कागदावर नीट लिहूनही दिला.

गाळा हातचा गेला. पाडव्याच्या आधी शिवप्रसाद गाडी घेऊन आला. शिवकन्यानं बॅग स्वतः भरली होती. जाताना तिनं माझ्यावरचं उपरणं काढायला हात घातला. दानम्मा म्हणाली, "राहू दे." दोघी एकमेकींकडं बघायचं टाळत होत्या. गाडी गेल्यावर दानम्मानं नारळ फोडला नाही. तो तसाच कोनाड्यात वाळतोय.

*

मी एक जुनी शेवयाची मशीन आहे. माझा मालक फौजी आहे. मी उमरीला असते. मालकाची बदली झाल्यानं तातडीनं विकणे आहे. विसार आधी.

*

मी एक जुनी शेवयाची मशीन आहे. मी सध्या लातूरला असते. घरात सुनेला वापरायला वेळ नाही म्हणून विकणे आहे. अर्धी किंमत. विसार आधी.

*

या माझ्या जाहिराती नव्हेत. पण फोटो माझा आहे. त्या माणसाला आमच्याकडून आणखी एक गोष्ट मिळाली होती. विसार हा शब्द. आमच्या भागातल्या माणसाला तो शब्द ऐकला की समोर कुणी ओळखीचं, रीतीभातीचं बसलंय असं वाटतं.

हे मला केवळाबाईंकडून कळलं. त्या परत आल्या तेव्हा रिक्षा नव्हती. पायी बसस्टँडवरून आल्या होत्या. दारातूनच त्यांनी फोन पुढं धरला आणि त्या जाहिराती मोठ्यानं वाचल्या. उमरीची जाहिरात बघून त्यांनी गटाचे पैसे विसार म्हणून पाठवले होते. मग गाडीभाडं म्हणून, मग आणखी कशाकशाचे. उमरीला जाऊन दारोदार विचारलं. मग फोटो नीट बघितला. हिरवी भिंत ओळखू आली.

"हीच भिंत. हीच मशीन. मला विसार झाला म्हणून परत पाठवलं, आणि तिकडं हिच्यावरच विसार घेऊन राहिलात. लई भारी नाटक केलं, बाई. मी तर गावात तुमचं नाव घेऊन सांगत होते, अशी माणसं हायत म्हणून."

गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. दानम्मानं जे झालं ते सांगितलं. पिन, टेम्पो, लेक. सगळं खरं होतं, आणि सगळं ऐकायला खोटं वाटत होतं. केवळाबाई म्हणाल्या की फसवणारा पण आधी असंच सांगतो, मी पण फसलोय म्हणतो.

तेव्हा दानम्मा उठली. माझ्यावरचं उपरणं तिनं एका झटक्यात ओढलं. किती तरी दिवसांनी मला उजेड लागला. माझ्या तोंडाच्या कडेला गंज चढला होता.

"विसार कुणी खाल्ला मला ठाव न्हाई. पण फोटू माझ्या मशीनचा हाय. तुम्ही दिलेत ते दिलेत. घिऊन जा हिला. वर काही देऊ नका."

केवळाबाईंनी माझं चाक धरलं. तोच हात, बरोबर जागी. मी म्हटलं, आता जाईन. अर्धापूरला केळीच्या सावलीत पुन्हा फिरेन, पुन्हा बायका जमतील. गंज निघेल. मग त्यांनी हात काढला.

"असली मशीन मी घरात न्यायची? उद्या आणखी कुणी हाच फोटू घिऊन माझ्या दारात येईल. गावात मला चोर म्हणतील." त्या फोन बंद करू लागल्या.

दानम्मा म्हणाली, "एकदा दाखवा की."

"काय?"

"फोटू."

केवळाबाईंनी दाखवला. दानम्मानं फोन जवळ घेतला, डोळे बारीक केले. ती माझ्याकडं बघत नव्हती. भिंतीकडंही बघत नव्हती. काचेवर तिनं चाकाच्या जागी एक बोट ठेवलं. केवळाबाई थोडा वेळ थांबल्या. मग त्यांनी तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि गेल्या. गल्लीतल्या बायकाही आत गेल्या.

भिंत आता पिवळी आहे. दानम्मानं स्वतः रंग लावला, म्हणजे कुणी फोटो घेऊन आलं तर ओळखू येऊ नये. भिंतीवरचा पुठ्ठा तिनं उतरवला. उपरणं पेटीत गेलं. कुणी शेवया करायला आलं तर मशीन बिघडलीय म्हणून सांगते. मी बिघडलेली नाही. लातूरहून फोन येतो तेव्हा ती बरं हाय, बरं हाय म्हणते, आणि तिकडूनही तेवढंच म्हणत असतील, कारण बोलणं लगेच संपतं.

मित्रांनो, उपदेश मी सुरुवातीलाच केलाय. आता एकच मागणं. तुमच्या फोनवर कधी हिरव्या भिंतीसमोरची शेवयाची मशीन स्वस्तात दिसली, तर विसार पाठवू नका. भाव विचारू नका. मी तिथं नाही. पण फोटो जरा मोठा करून बघा. चाकावर एक हात आहे, बांगड्या घातलेला. त्या हाताला अजून कुणी लातूरला परत पाठवलेलं नाही. तो चाक धरून उभा आहे, म्हणजे फोटो पुसट येऊ नये.